अर्ध्या आकड्यांचा उस्ताद

उस्तादला अर्धे आकडे वाचता यायचे. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? जरा थांबा, आधी ऐकून तर घ्या.

त्याचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. एकाच छोट्या कंपनीत एकोणतीस वर्षं काढलेला माणूस. वय त्रेपन्न, पोट पुढे, गुडघे कुरकुरणारे, आणि शहरातल्या बासष्ट लिफ्ट त्याच्या भरवशावर वर-खाली करणाऱ्या. कंपनीच्या मालकीणबाईंपासून इमारतींच्या वॉचमनपर्यंत सगळे त्याला उस्तादच म्हणायचे. त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं.

लिफ्टलाही डोकं असतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. गच्चीला लागून एक मशीनची खोली असते, तिथल्या लोखंडी कपाटात लिफ्टचा बोर्ड बसवलेला असतो. दार किती सेकंद उघडं ठेवायचं, कुठल्या मजल्यावर थांबायचं, थांबताना किती हळू व्हायचं, सगळं त्या बोर्डात आकड्यांनी भरलेलं असतं. ते आकडे वाचायला आणि बदलायला मेकॅनिकजवळ हातात मावणारा एक छोटा कॉम्प्युटर असतो. वायर जोडा, बटणं दाबा, की बोर्डाच्या पोटातलं सगळं पडद्यावर हजर. उस्ताद त्याला नुसतं 'डबी' म्हणायचा.

ही डबी तीन वर्षांपूर्वी त्याच्या हातून सटकली आणि एका इमारतीच्या जिन्यावरून आपटत आपटत दोन मजले खाली गेली. मेली नाही, पण पडद्याचा खालचा अर्धा भाग काळा पडला तो पडलाच. तेव्हापासून आकडे दिसायचे ते कमरेपर्यंत. आणि हे आकडे कॅल्क्युलेटरवर असतात तसे, काड्यांचे. त्यांचे पाय झाकून बघा एकदा. दोन आणि तीन सारखे दिसतात. पाच आणि सहा सारखे. आठ आणि नऊ तर जुळे भाऊ. भरीत भर म्हणजे आकडा वाढवायचं बटण इतकं बिथरलेलं, की कधी कधी एकदा दाबलं तर दोनदा लागायचं.

दुसरा कुणी असता तर डबी टेबलावर आपटून मोकळा झाला असता. उस्तादला उलट चेव चढला. बासष्ट लिफ्टचे आकडे त्याला तोंडपाठ होते, त्यामुळे अर्धा आकडा दिसला की उरलेला अर्धा तो डोक्यातून भरायचा. बटण दाबताना ओठांत मोजायचा. कंपनीतले बाकीचे मेकॅनिक डबीकडे बघून डोकं खाजवायचे आणि शेवटी त्यालाच हाक मारायचे. मग हा शर्टाला हात पुसत यायचा, एक डोळा बारीक करायचा आणि सांगून टाकायचा, की पाच आहे, सहा नाही. आणि ते बरोबर निघायचं. हो, निघायचं, खोटं कशाला सांगू!

मॅडमनी, म्हणजे मालकीणबाईंनी, दोनदा नवी डबी घ्यायची गोष्ट काढली होती. दोन्ही वेळा ह्यानेच मोडता घातला. माझे डोळे शाबूत आहेत तोवर पडद्याचं काय घेऊन बसलात, असं त्यांच्या तोंडावर म्हणाला आणि ही गोष्ट पुढे चार ठिकाणी रंगवून सांगितली. आतली गोष्ट वेगळी होती. कुणालाही वाचता येतील असे आकडे आले की मग ह्याला हाक कोण मारणार? ही धाकधूक त्याच्या पोटात होती, आणि ती त्याने बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

आता आक्काकडे वळू. आक्का म्हणजे उस्तादची थोरली बहीण. आई गेली तेव्हा हा नऊ वर्षांचा होता आणि ती एकोणीसची. लोकांच्या पँटी आखूड कर, झगे सैल कर, चेन बदलून दे, असं करत करत तिने ह्याला वाढवला आणि वायरिंगच्या कोर्सला घातला. आज ती त्रेसष्टची आहे. एका आठ मजली इमारतीत सहाव्या मजल्यावर एकटी राहते, आणि त्याच इमारतीच्या तळमजल्यावर तिचं कपडे आल्टर करायचं दुकान आहे. दुकान कसलं, एक शिलाई मशीन, एक टेबल आणि एक आरसा मावेल एवढी जागा. पण गिऱ्हाइकं तिच्या हातावर जीव टाकतात. खुब्याच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी तिला जिना साफ बंद केला होता. तिचं सगळं चालायचं ते लिफ्टच्या जिवावर.

आणि ती लिफ्ट पाच आठवडे बंद होती.

सुरुवातीचा बिघाड अगदी किरकोळ होता. दाराचा एक स्विच गेला होता. उस्तादने तो बदलला, नव्या स्विचसाठी बोर्डात दाराचा आकडा पुन्हा भरला आणि लिफ्ट चालू केली, तर ती ढिम्म. दिवा लागतो, दार मिटतं, पुढे काही नाही. त्याने आकडे पाच-पाच वेळा तपासले. वायरी बदलल्या, फ्यूज बदलले, मोटर उघडून पुन्हा बसवली. बहिणीची लिफ्ट, त्यामुळे जेवणखाण विसरून राबला. शेवटी सगळे आकडे बरोबर असूनही लिफ्ट हलत नाही म्हणजे बोर्डच खलास झाला, असा निकाल त्याने दिला. त्या जातीचा बोर्ड आता कुणी बनवत नाही. इमारतीच्या सेक्रेटरीने ते सगळं कागदावर उतरवून घेतलं आणि शनिवारी संध्याकाळी पाच वाजता सभा बोलावली. लिफ्ट कायमची बंद करायची आणि दारं विटांनी बुजवून टाकायची, असा ठराव येणार होता. नव्या लिफ्टचा विषय निघाला की सगळे कानावर हात ठेवत होते.

शिलाई मशीन खाली आणि आक्का वर, अशी गत झाली. गिऱ्हाइकं रस्त्यावरून हाका मारायची, मग ही बाल्कनीतून दोरीला बांधलेली थैली सोडायची, कपडे वर ओढायची आणि हाताने टाके घालत बसायची. हळूहळू हाका कमी झाल्या. गिऱ्हाईक तरी किती दिवस मान वर करून ओरडणार? शेजारच्या दोघांनी खुर्चीत बसवून खाली नेतो म्हटलं, तर मी काय कपाट आहे का, असं विचारून तिने त्यांना वाटेला लावलं. ठराव झाला की घर आणि दुकान दोन्ही सोडून उस्तादकडे राहायला जाण्यावाचून तिला इलाज नव्हता. उस्तादच्या बायकोने तर मागची खोली आवरूनही ठेवली होती. पण आक्काने भावाला बजावलं होतं, की येईन, पण मग मला आक्का म्हणू नकोस, पाहुणी म्हण. ते ऐकल्यापासून त्याला घास गोड लागत नव्हता.

शुक्रवारी सकाळी मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक खोका होता आणि खोक्यात नवी डबी. विकणाऱ्या माणसाने तीन दिवस वापरून बघायला दिली होती. सोबत एक फॉर्म. जुनी दुरुस्त करायची तर एका चौकोनात खूण, जुनी देऊन नवी घ्यायची तर दुसऱ्या चौकोनात, आणि खाली कारण लिहायला दोन ओळी. फॉर्म सोमवारी सकाळी हवा होता, कारण जुनीच्या बदल्यात नवी मिळायची मुदत तेव्हा संपत होती.

"ठरवायचं तुम्ही, उस्ताद," मॅडम म्हणाल्या. "वापरणारे तुम्ही आहात. पण ह्या वेळी नको म्हणायच्या आधी निदान चालू तरी करून बघा."

हा नाक मुरडतच चालू करायला गेला. आणि पडदा उजळला.

काय सांगू तुम्हाला! तळहाताएवढा रंगीत पडदा, आणि त्यावर आकडे. पूर्ण आकडे, डोक्यापासून पायापर्यंत. ज्या माणसाने तीन वर्षांत आकड्याचे पाय बघितले नव्हते, त्याचं काय झालं असेल ते तुम्हीच समजा. तो उठून उभा राहिला, मग बसला, मग पुन्हा उठला. मॅडम काहीतरी विचारत होत्या, ते ह्याच्या कानापर्यंत पोहोचलंच नाही. तसाच बाहेर पडून त्याने ऑफिसच्या इमारतीतल्या लिफ्टसमोर उभं राहून डबी चालवली. नव्या लिफ्टना तर वायरसुद्धा लावायची गरज नव्हती. तळमजल्यावर उभं राहायचं, आणि गच्चीवरच्या बोर्डातलं सगळं हातात. प्रत्येक आकड्यासमोर तो कशाचा आहे हेही शब्दांत लिहिलेलं. बटणं नाहीत, त्यामुळे बिथरायचा प्रश्नच नाही.

दुपारपर्यंत त्याने पाच इमारती पालथ्या घातल्या. त्यातल्या तीन ठिकाणी त्याला कुणी बोलावलंही नव्हतं. वॉचमनला दाखव, भाजीच्या पिशव्या घेऊन आलेल्या बाईला दाखव, जो भेटेल त्याला थांबवून पडदा दाखव, असं चाललं होतं. एका इमारतीतली लिफ्ट कितीतरी दिवस तिसऱ्या मजल्यावर थांबताना धक्का द्यायची. नव्या डबीत बघितलं तर दोनाच्या जागी तीन भरलेला. कुठल्या गाढवाने भरलाय हा, असं म्हणत त्याने तो बदलला, आणि लिफ्ट अशी अलगद थांबली की आतल्या माणसांना थांबल्याचं कळलंच नाही. तीन वर्षांत त्या लिफ्टला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता, हे मात्र त्या भरात त्याच्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी घरी गेला तर बायकोसमोर डबी धरून अर्धा तास बोलत राहिला. ती म्हणाली, मुलगी झाली तेव्हासुद्धा तुमचा चेहरा असा फुलला नव्हता. तो म्हणाला, मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात लाइट गेले होते, तुला दिसला नसेल. तिने उशी फेकून मारली. मग जरा वेळाने हळूच विचारलं, की ह्या नव्या डबीने आक्कांची लिफ्ट चालू होईल का? त्याने पडदा बंद केला. विकणाऱ्या माणसाला त्याने फोन करून तेच विचारलं होतं. तो म्हणाला होता, खोक्यात वेगळी वायर आहे, ती लावली तर जुने बोर्ड वाचता येतील, पण मेलेला बोर्ड काही जिवंत होणार नाही.

बोर्ड मेलाय हे उस्तादनेच सांगितलं होतं. पण अशी डबी हातात असताना एकदा बघितल्याशिवाय राहवणार कसं? शनिवारी सवाचारच्या सुमारास तो आक्काच्या इमारतीत पोहोचला आणि जिना चढायला लागला. एरवी प्रत्येक मजल्यावर टेकणारा माणूस, त्या दिवशी चौथ्यावर एकदाच थांबला. सहाव्यावर आक्काचं दार उघडं होतं. ती खिडकीशी बसून कुणाच्यातरी कोटाला अस्तर लावत होती. शेजारी एका पत्र्याच्या डब्यात तिने टेप, कात्र्या, खडू, रिळं सगळं नीट भरून ठेवलेलं. जणू निघायची तयारी. त्याने उत्साहाने डबी दाखवली. तिने चष्म्यावरून एक नजर टाकली आणि पाचला सभा आहे, घामाचा शर्ट बदलून ये, एवढंच म्हणाली.

तो वर मशीनच्या खोलीत गेला. कपाट उघडलं. खोक्यातली वायर जोडली. पडद्यावर एक गोल फिरत राहिला, फिरतच राहिला. मग एका मागोमाग एक ओळी यायला लागल्या. पहिली, दुसरी, दहावी, चाळिसावी. बोर्ड बोलत होता! मेलेला बोर्ड कधी असा धडाधडा बोलतो का? उस्तादने ताडकन उडी मारली आणि वरच्या लोखंडी तुळईवर डोकं आपटून घेतलं. चोळत चोळत तो पुन्हा पडद्यावर वाकला. एकेक ओळ वाचत दाराच्या ओळीपाशी आला आणि तिथेच खिळला.

दाराचा प्रकार, नऊ. समोर शब्दांत लिहिलं होतं, पुढे एक दार आणि मागे एक दार.

ह्या लिफ्टला मागे दार नाहीच. मागे भिंत आहे. पुढे एकच दार असलं की आकडा आठ असतो, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. म्हणजे बिचारी लिफ्ट पाच आठवडे, मागचं दार कधी मिटतंय ह्याची वाट बघत उभी होती.

त्याने पिशवीतून जुनी डबी काढली. ती जोडली, दाराची ओळ काढली. पडद्यावर वरचा अर्धा भाग. आठ म्हणा, नऊ म्हणा, तेच. बटण एकदा दाबलं होतं आणि ते दोनदा लागलं होतं, आणि उस्ताद डोळा बारीक करून पाच-पाच वेळा तपासताना दर वेळी आठच वाचत होता, कारण डोक्यात आठ होता.

आधी आनंदच झाला, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. बोर्ड जिवंत आहे, आक्काचं दुकान वाचलं, ह्या एकाच विचाराने त्याच्या अंगावर काटा आला. त्याने नव्या डबीवर बोट लावून नवाचा आठ केला आणि लिफ्टला सहाव्यावर बोलावलं. बाजूची मोटर घुमली, जाड दोर हलले, आणि पाच आठवड्यांची थिजलेली लिफ्ट खालून वर निघाली. तो एकटाच त्या खोलीत मोठ्याने हसला. डोळ्यांतून पाणी आलं ते वेगळंच. आणि मग, हसता हसताच, तो एका उलट्या डब्यावर बसला. पाच आठवडे आक्काला घरात कोंडली होती, ती त्यानेच. ठराव येणार होता तो त्याच्याच निकालावर. आणि कालचा तो तिसऱ्या मजल्यावरचा गाढवसुद्धा तोच होता.

हे कुणालाही कळणार नव्हतं, ही तर आणखी पंचाईत. आठ भरून झाला होता, नवाचा मागमूस राहिला नव्हता. खाली जाऊन नुसतं म्हणायचं, की नव्या डबीने बोर्ड उठवला. लोक खांद्यावर घेऊन नाचले असते. त्याने ते वाक्य मनात दोनदा म्हणूनही बघितलं, आणि खोटं कशाला बोलू, त्याला ते आवडलं.

तो सहाव्यावर उतरला तर आक्का लिफ्टच्या दारापाशी उभी. आवाज ऐकून बाहेर आली होती. बाहेर जायचे कपडे घातलेले, एका हातात काठी, दुसऱ्या हातात दुकानाची किल्ली आणि तो पत्र्याचा डबा. लिफ्ट समोर येऊन दार उघडून उभी होती, आणि आक्का आत न जाता तिच्याकडे नुसती बघत होती. पाच आठवड्यांत तिचा असा चेहरा त्याने बघितला नव्हता.

"मेलेला बोर्ड उठवलास तू," ती म्हणाली. "आता सभेत सगळ्यांसमोर सांगते, माझा भाऊ आहे म्हणून."

ते तयार वाक्य उस्तादच्या जिभेवर होतं. पण तिच्याकडे बघून ते बाहेर पडेना.

"आक्का, बोर्ड मेलाच नव्हता," तो म्हणाला. "मी आकडा चुकीचा भरला. आठाच्या जागी नऊ. अर्धाच दिसत होता, मी आठ समजून चाललो."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी."

आक्काने विचारलं, मॅडम दोनदा नवी डबी देत होत्या आणि तू नाकारलीस, असं मला हसत हसत सांगितलं होतंस, तीच ना ही? तो हो म्हणाला. ती लिफ्टमध्ये शिरली. तिच्या मागोमाग हा पाऊल टाकणार, तेवढ्यात तिने काठी दारात आडवी धरली, बटण दाबलं, आणि दार मिटायला लागल्यावर काठी आत ओढून घेतली. दार ह्याच्या नाकासमोर मिटलं.

तो जिन्याने धावत सुटला. गुडघे ओरडत होते. भिंतीपलीकडून लिफ्टचा आवाज त्याच्या बरोबरीने खाली येत होता, मग पुढे गेला. मनातून माणूस पार खचलेला, पण कान मात्र लिफ्टकडे. काय सुरेख चाललीये, कुठे खरखर नाही, कुठे अडखळणं नाही, असं एकीकडे वाटतच होतं. ह्या लिफ्टवाल्यांचं हे असंच असतं.

तळमजल्यावर गाड्या लावायच्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. हा धापा टाकत पोहोचला तेव्हा सगळी सभा उभी राहून टाळ्या वाजवत होती. लिफ्टमधून आक्का बाहेर आली म्हणून वाजलेल्या टाळ्या ह्याला बघून दुप्पट झाल्या. सेक्रेटरी ठरावाचा कागद हातात धरून पुढे आला आणि ही काय जादू केलीत, असं विचारायला लागला. आक्काने काठी जमिनीवर आपटली. टाळ्या थांबल्या.

"त्याला काहीतरी सांगायचंय," ती म्हणाली.

तिने त्याला वाचवलंही नाही आणि त्याची गोष्ट स्वतः सांगितलीही नाही. उस्तादने सगळं सांगितलं. स्विच, नऊ, अर्धा पडदा, नाकारलेली डबी, सगळं. दम लागलेला असल्यामुळे तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, आणि त्यामुळे ते अजूनच लांबलं. आठव्या मजल्यावर राहणारी तान्ह्या मुलाची आई त्यावर जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण तिचा हक्क होता. तो खाली मान घालून ऐकत राहिला. कुणीतरी मध्येच फिसकन हसलं, कारण नसलेल्या दाराची वाट बघणारी लिफ्ट त्याच्या डोळ्यांसमोर आली असावी, आणि मग ते हसू खुर्च्याखुर्च्यांतून पसरत गेलं. सेक्रेटरीने ठरावाचा कागद चारदा फाडला. सभा अकरा मिनिटांत संपली, आणि लोक उगाचच लिफ्टने वर-खाली करायला लागले.

आक्काने दुकानाचं शटर वर केलं. टेबलावरची धूळ पुसली, मशीनला तेल घातलं, आणि कोटाचं अस्तर पुढे घेतलं. तिची गिऱ्हाइकं लिफ्ट चालू झाल्याचं ऐकून तासाभरातच यायला लागली. कुणी पँट टाकून गेलं, कुणी झगा. उस्ताद समोरच्या स्टुलावर बसून होता. जा म्हणत नाही आणि बस म्हणत नाही, अशा बहिणीसमोर बसणं किती अवघड असतं ते ज्याला थोरली बहीण आहे त्यालाच कळेल. शेवटी त्याने खिशातून फॉर्म काढला, टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि जुनी देऊन नवी घ्यायच्या चौकोनात खूण केली. कारणाच्या दोन ओळींपाशी तो बराच वेळ थांबला. मग त्याने लिहिलं, 'जुन्या डबीत आकडा अर्धाच दिसतो. मला पूर्ण कळतो असा माझा समज होता, त्यापायी एक लिफ्ट पाच आठवडे बंद राहिली.'

आक्काने मशीन थांबवून फॉर्म आपल्याकडे फिरवला. वाचला. सही करायची राहिली, तेवढं बोट ठेवून दाखवलं आणि परत दिला.

सही केल्यावर त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि त्या जागी कालचा उत्साह पुन्हा उसळून आला. सोमवारपासून डबी आपली! उरलेल्या सगळ्या लिफ्ट आता एकेक करून तपासायच्या, पहिल्या आकड्यापासून शेवटच्यापर्यंत. कुठे कुठे काय काय भरून ठेवलंय कुणास ठाऊक. तो फॉर्मच्या मागेच इमारतींची यादी करायला लागला, आणि बोलायला लागला तो थांबेचना. बाकीच्या मेकॅनिकना आपणच शिकवायचं, रोज एकाला बरोबर घ्यायचं, सगळ्यांना सगळं वाचता आलं पाहिजे. आक्का ऐकत होती. मध्ये एकदा तिने सुईत दोरा ओवताना हुंकारही दिला, आणि त्या एका हुंकाराने ह्याला वाटलं, चला, आपलं मिटलं.

"हत्यारांची पिशवी वर मशीनच्या खोलीतच राहिली," तो खुशीत उठत म्हणाला. "लिफ्टने जाऊन पटकन घेऊन येतो."

मशीन चालवत, मान खाली ठेवूनच आक्का म्हणाली, "जिन्याने जा. लिफ्टचं पाच आठवड्यांनी विचार."

उस्तादने नवी डबी शर्टाच्या खिशात नीट बसवली आणि जिन्याचा कठडा धरला.